शेवटचा डोस माझा

१० जानेवारी. सकाळी.
आजपासून दवाखान्यातल्या माणसांना बूस्टर सुरू. पहिला हक्क आमचा. त्यातही मी लसीकरणाच्या खोलीतला ब्रदर, म्हणजे विहिरीच्या काठावर बसलेला माणूस. हात बुडवला की पाणी. इतरांसारखं रांगेत उभं राहायला नको. संकल्प: आजच घेऊन मोकळं व्हायचं.

१० जानेवारी. संध्याकाळी.
घेतला नाही. पण कारण उत्तम आहे, म्हणून लिहून ठेवतो.
सकाळी मोठ्या सिस्टरनी विचारलं, तुमच्यापासूनच सुरुवात करू का. बाहीचं बटण काढता काढता मनात आलं, वाढपी कधी पहिल्या पंगतीला बसतो का? सगळे जेवून उठले की भांड्यात जे उरेल ते त्याचं. बटण परत लावलं.
आमच्या एका बाटलीत दहा डोस असतात. बाटली उघडली की त्याच दिवशी संपवायची. खोली बंद होताना जे उरेल ते फेकून द्यायचं. म्हणून असं ठरवलं: मी कुणाच्या वाट्याचा डोस घेणार नाही. दिवसअखेर जो उरेल, जो नाहीतर वायाच जाणार, तोच माझा. बूस्टरही होईल आणि पुण्यही लागेल.
देवापुढे दिवा लावताना हे सांगून टाकलं. देवानं हरकत घेतली नाही.

११ जानेवारी.
शेवटची बाटली बरोबर संपली. एकही डोस उरला नाही. वरच्याची इच्छा. मी तयार होतो.

१४ जानेवारी.
तीन डोस उरले. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, चला ब्रदर, बसा खुर्चीवर, आता कुणी येत नाही. मी म्हटलं, सिस्टर, माझ्या एकट्यासाठी उरलेले दोन फेकायचे का? हे मनाला पटेना. बाहेर गेलो. समोरचा साठीपुढचा किल्लीवाला, त्याच्या शेजारचा टायरवाला आणि आईचा रिपोर्ट न्यायला आलेला एक गृहस्थ, असे तिघे धरून आणले. कुणाचा दुसरा राहिला होता, कुणाचा बूस्टर. बाटली कोरडी. टायरवाला जाताना म्हणाला, टोचलं कधी? माझा हात हलका आहे. हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात.
मोठ्या सिस्टरनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. कौतुकानं असावं.

१७ जानेवारी.
आज स्टाफरूममध्ये चर्चा. आमच्या फार्मासिस्टला सगळे बुलेटिन म्हणतात, कारण त्याच्याकडे दर तासाला ताजी बातमी असते. तो म्हणाला, मार्चमध्ये नवी, सुधारलेली लस येतेय, आता जुनी टोचून घेणं म्हणजे सेलच्या आदल्या दिवशी साडी घेणं. एक्स-रेवाला म्हणाला, आपण दोन वर्षं रोज कोरोनाच्या तोंडासमोर उभे आहोत, आपल्याला आता तो ओळखतो. डॉक्टरसाहेब म्हणाले, घ्या, घ्या, सगळ्यांनी घ्या. एक्स-रेवाल्यानं विचारलं, साहेब, तुमचा झाला? साहेबांना तेवढ्यात राउंड आठवला.
या लोकांची मला कीव येते. दवाखान्यात काम करून ही तऱ्हा. नुसती टाळाटाळ. मी निदान तत्त्वासाठी थांबलोय.

२० जानेवारी.
लेकीचा फोन. सातवा महिना सरत आलाय, मार्चअखेरीची तारीख दिली आहे. मी आजोबा होणार. फोन ठेवल्यावर देवापुढे थोडा वेळ बसलो. डोळे भरून आले.
फोनवरच तिनं एक नियम सांगितला. बाळाला जो कुणी हातात घेईल त्याचा बूस्टर झालेला पाहिजे. तिच्या बाळाच्या छातीत काही त्रास झाला तर ती कुणालाच माफ करणार नाही. मी म्हटलं, शाबास, असे नियम हवेतच, बाहेरचे लोक फार निष्काळजी असतात. ती म्हणाली, बाबा, बाहेरचे सगळे घेणारच आहेत, नियम तुमच्यासाठीच केलाय.
सौ. मागून म्हणाली, आधी दंड पुढे करा, मग मांडी.
विनोद चांगला होता. हसलो.

२३ जानेवारी.
रविवार. विचार केला. मला बूस्टर घ्यायला मुळीच हरकत नाही. प्रश्न एवढाच, की देणार कोण? खोलीत आम्ही दोघंच. मी आणि मोठ्या सिस्टर. बाई देवमाणूस, पण त्यांच्या हाताला आम्ही मागे हातोडा म्हणतो. न्हाव्यानं सगळ्या गावाची हजामत करावी आणि स्वतःची वेळ आली की आरशाकडे बघत बसावं, तसं माझं झालंय.
दुसऱ्या डोसच्या वेळी मी खाली फरशीवर बसलो होतो, त्यावरून बुलेटिन अजून काहीबाही बोलतो. चक्करबिक्कर नव्हती. सकाळपासून उभा होतो. आणि रात्री ताप आला तेव्हा सौ.ला कपाटाच्या किल्ल्या कुठे आहेत ते सांगून ठेवलं, तेही व्यवहार म्हणून. कुटुंबप्रमुखानं एवढं करायचं असतं.

२९ जानेवारी.
व्याही आले होते. लेकीचे सासरे. टपाल खात्यातून निवृत्त. मनुष्य चांगला, पण प्रत्येक गोष्टीत दोन पावलं पुढे असायची खोड. लग्नात माझ्या आधी रडले होते.
साठी ओलांडलेल्यांना बूस्टर सुरू आहेच. म्हणाले, टोचून घेईन तर माझ्या व्याह्यांच्याच हातून. मी त्यांना नेहमीची पद्धत सांगितली: दंड सैल सोडा, तिकडे कॅलेंडरकडे बघा, दीर्घ श्वास घ्या. ते कॅलेंडरकडे बघायच्या ऐवजी सरळ सुईकडे बघत राहिले. अशा माणसांचं मला आश्चर्य वाटतं. मलाच क्षणभर कॅलेंडरकडे बघावं लागलं.
मग म्हणाले, व्याही, कळलंसुद्धा नाही हो, तुमचा तर कधीच झाला असेल. मी हसलो. हसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.
घरी पोचायच्या आत त्यांचा उघड्या दंडाचा फोटो ग्रुपवर. खाली लिहिलं होतं: नातवंडासाठी सज्ज. लेकीनं चार बदाम टाकले होते, लाल.

२ फेब्रुवारी.
वरून बिल्ले आले. गोल, हिरवे. ‘मी बूस्टर घेतला’ असं लिहिलेलं. ज्यांनी घेतला त्यांनी लावायचे. त्यातला एक टेबलावर पडून होता. मी कोटाला लावला.
याचा कुणी गैरसमज करून घेऊ नये. मी लसीकरणाच्या खोलीचा चेहरा आहे. येणारा माणूस आधी माझ्याकडे बघतो, मग सुईकडे. त्याला धीर वाटला पाहिजे. शिवाय बिल्ला कोटाला लावलाय, मला नाही. संध्याकाळी कोट काढला की मी पुन्हा आहे तसा.
मोठ्या सिस्टरनी विचारलं, बिल्ल्याला कितवा डोस दिलात? त्यांचा स्वभाव विनोदी आहे.

८ फेब्रुवारी.
आमच्या लाँड्रीतल्या मावशी बूस्टरला तयार नव्हत्या. तिकडच्या सगळ्या बायका त्यांच्या शब्दावर चालतात, त्यामुळे एकीनंही घेतला नव्हता. मोठ्या सिस्टर दोनदा जाऊन आल्या, डॉक्टरसाहेब एकदा. आज मी गेलो. मावशी म्हणाल्या, दुसऱ्या डोसनंतर दंड असा ठणकला की ओल्या चादरी पिळताना डोळ्यांत पाणी आलं, तुम्हाला काय, तुम्ही टोचणार आणि मोकळे होणार, पिळणार कोण? मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, तुम्ही घेतलाय का ते सांगा भाऊ, तुम्ही माळकऱ्यासारखे माणूस, खोटं बोलणार नाही. तुम्ही घेतला असेल तर मी घेते.
मी फक्त जरा बाजूला वळलो, तेव्हा बिल्ला त्यांच्या समोर आला.
मावशींनी घेतला. पाठोपाठ लाँड्रीतल्या सगळ्यांनी घेतला. आजवरचा माझा सर्वांत यशस्वी दिवस.
संध्याकाळी देवापुढे फार वेळ बसलो नाही. गुडघा दुखत होता.

१३ फेब्रुवारी. रविवार.
तोडगा सापडला. इतका सोपा, की आधी सुचला कसा नाही. स्वतःचं स्वतःच टोचून घ्यायचं. हलका हात माझाच, दंडही माझाच. घरातली माणसं घरात. मोठ्या सिस्टरनी नुसतं शेजारी उभं राहायचं, नियम म्हणून.
सराव हवा म्हणून संत्र्यावर केला. उकळून गार केलेलं पाणी सिरिंजमध्ये भरलं, संत्रं धरलं आणि टोचलं. उत्तम. संत्र्याला काहीही झालं नाही. ना ताप, ना चक्कर. मग उत्साहानं टोपलीतल्या सगळ्या संत्र्यांना डोस दिले.
जेवणानंतर सौ. संत्रं सोलायला बसली. चिळकांडी उडून तिच्या चष्म्यावर. मी सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, संत्र्यांचा बूस्टर झाला, आता बाळ त्यांच्या मांडीवर देऊ.

१४ फेब्रुवारी.
सराव कामाला आला नाही. संत्रं हातात धरता येतं, दंड तसा धरता येत नाही. दुसरा हात मोकळा लागतो, आणि तो आपलाच असून टोचला जाणाऱ्या बाजूलाच लागलेला असतो. ही शरीररचनेतली अडचण आहे. माझी नव्हे.

१९ फेब्रुवारी.
आज मात्र ठाम ठरवून गेलो. देवाला सांगून निघालो. मोठ्या सिस्टरना सांगितलं, आज कुणी असो नसो, तत्त्वाला एक दिवस सुट्टी. त्या म्हणाल्या, देव पावला.
खुर्चीवर बसलो. बाही वर केली. कापसाचा गार स्पर्श झाला. एवढ्यात लक्षात आलं, की फ्रीजचं तापमान दुपारनंतर कुणी पाहिलेलं नाही. लस नीट गार राहिलेली नसेल तर काय उपयोग? उठलो. तापमान पाहिलं. ठीक होतं. पण फ्रीजचं दार नीट लागत नाही असं वाटलं. रबर पुसलं. मग मागची जाळी. तोवर समोरच्या बाकावर एक नवरा-बायको येऊन बसलेले. शेवटचे दोन डोस त्यांना गेले.
मोठ्या सिस्टर हातात कापूस घेऊन तशाच उभ्या होत्या. म्हणाल्या, ब्रदर, फ्रीज चकाचक झाला.
कामातली शिस्त ही अशी आडवी येते. शाळेतसुद्धा असंच व्हायचं. गावात लस टोचायला माणूस आला, की मी वर्गाची पाण्याची घागर भरून आणायला जायचो. कुणी सांगावं लागत नसे. सेवेची ओढ लहानपणापासूनची.

२८ फेब्रुवारी.
रुग्ण कमी झाले, तसे लस घेणारेही कमी. लोकांना वाटतं कोरोना गेला. आज शेवटच्या बाटलीत सात उरले. सात. मोठ्या सिस्टरनी दाराला कडी लावली आणि म्हणाल्या, आज तुम्ही बाहेर जायचं नाही.
मी म्हटलं, सिस्टर, सहा फुकट गेल्यावर मला सातवा गोड लागेल का? कडी काढली.
रस्त्यावर चिटपाखरू नाही. किल्लीवाला हात जोडून म्हणाला, माझे तिन्ही झालेत ब्रदर, आता सोडा. पण कोपऱ्यावर एक बस टायर पंक्चर होऊन उभी. आमचा टायरवालाच खाली बसून चाक काढत होता. याला योगायोग म्हणणारे म्हणोत. बसमध्ये चढलो आणि सगळ्यांना उद्देशून चार शब्द बोललो. कंडक्टर म्हणाला, खाली उतरा, इथे काही विकायला परवानगी नाही. शेवटी तो स्वतःच आला, ड्रायव्हरला घेऊन आला, आणि पाच प्रवासी. चाक बसेपर्यंत सातही जण झाले. बाटली कोरडी.
बस निघताना कंडक्टरनं घंटी मारली, ती माझ्यासाठीच असावी.
मोठ्या सिस्टर एवढंच म्हणाल्या, एका सुईपासून पळायला माणूस बस थांबवेल असं वाटलं नव्हतं. बस मी थांबवली नव्हती. ती आधीच थांबलेली होती.

८ मार्च.
दवाखान्यात छोटा समारंभ. साहेबांनी माझा सत्कार केला. सबंध मोहिमेत या खोलीत एक डोस वाया गेला नाही. ‘थेंबही न सांडणारे ब्रदर’, असं ते बोलले. टाळ्या. लाँड्रीतल्या मावशी सर्वांत जोरात वाजवत होत्या. मोठ्या सिस्टर वाजवत होत्या, पण खिडकीबाहेर बघत.
फोटो ग्रुपवर टाकला. बिल्ला स्पष्ट दिसतोय. लेकीचं उत्तर आलं: बाबा, अभिमान वाटला. शेवटी घेतलात ना. आता बाळ तुमच्याच हातात आधी देणार.
हे वाचून फार बरं वाटलं. मग तेवढं बरं वाटेना. उत्तर काय लिहावं? हात जोडलेलं चित्र पाठवलं. त्याचा अर्थ प्रत्येकानं आपापला घ्यावा.

९ मार्च.
झोप नीट लागली नाही. पहाटे देवापुढे बसलो. आजवर देवाशी मी काही लपवलेलं नाही. बिल्ला कोटावर आहे, कोट दवाखान्यात आहे, हे त्याला ठाऊक आहे. तरी दिव्याची वात सारखी विझत होती. तेल कमी असेल.
आता एकच उपाय. लेकीचा शब्द खरा करायचा. तिनं मानलंय की घेतला, तर घेऊनच टाकू. म्हणजे मागचं सगळं आपोआप खरं होईल.

१६ मार्च.
आज घेणार होतो. बुलेटिन म्हणाला, नवी लस वाटेत आहे, आठवड्याचा प्रश्न. नातवंडाला आजोबा जुन्या मालाचा द्यायचा का? दर्जाचा विचार केला.

२१ मार्च.
नवी लस येत नाही. बुलेटिनला विचारलं तर म्हणाला, मी कधी म्हटलं? वर ऑर्डर आली आहे, की गर्दी नसल्यानं आमची खोली शुक्रवारी बंद होणार. त्या दिवसासाठी शिल्लक फक्त एक बाटली.
हे वाचून मन एकदम शांत झालं. आता कळलं, इतके दिवस देव मला कशासाठी थांबवत होता. शेवटची बाटली, शेवटचा डोस. सगळ्या पंगती उठल्या. वाढप्याची वेळ आली. माझा संकल्प पहिल्या दिवशी होता तोच आहे, एक अक्षर बदललेलं नाही. सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, शुक्रवारी फ्रीज पुसू नका म्हणजे झालं.
मोठ्या सिस्टरनाही सांगितलं, की शुक्रवारी मी बाहेर पाऊल टाकणार नाही. नऊ जण आले की दहावा मी.

२५ मार्च. शुक्रवार. सकाळी.
नवा शर्ट घातला. सैल बाहीचा. देवाला नमस्कार केला. सौ.नं अंगाला हात लावून पाहिला, अंग कढत लागतंय म्हणाली. उत्साहानं लागत असेल. घसाही दाटून आलाय. प्रसंगच तसा आहे.

२५ मार्च. दुपारनंतर. घरी, आतल्या खोलीत.
क्रमानं लिहितो.
दुपारपर्यंत नऊ जण आले. नववे एक आजोबा होते, ते कळलंच नाही म्हणाले. बाटलीत एक उरला. माझा. मी खुर्चीत बसलो. कॅलेंडरकडे बघितलं नाही, हे मुद्दाम नोंदवतो. मोठ्या सिस्टरनी सिरिंज भरली. त्यांचे डोळे ओले झाल्यासारखे वाटले. म्हणाल्या, ब्रदर, तुम्हाला एवढं घाबरताना मी किती दिवस बघतेय, आज जिंकलात. मी घाबरलो नव्हतो हे सांगायला तोंड उघडलं, आणि खोकला आला.
तो थांबेचना. सिस्टर दोन पावलं मागे सरल्या. तोंडावरचा मास्क सारखा करत म्हणाल्या, हा खोकला मी ओळखते. आधी टेस्ट.
टेस्टच्या पट्टीवर एक रेघ आली. मग सावकाश, काही घाई नसल्यासारखी, दुसरी आली.
कोरोना असताना बूस्टर देत नाहीत. बरा झाल्यावरही तीन महिने देत नाहीत. हा नियम या खोलीत मीच लोकांना समजावून सांगत आलोय.
सिस्टर भरलेली सिरिंज सांभाळून ठेवून बाहेर धावल्या. कुणीतरी मिळेल, म्हणाल्या. मी खिडकीतून बघत होतो. त्यांनी किल्लीवाल्याला विचारलं, टायरवाल्याला विचारलं, रस्त्यावरच्या प्रत्येकाला विचारलं. सगळे दंडाकडे बोट दाखवून एकच सांगत होते, आमचा झाला, ब्रदरनी केला. या रस्त्यावर मी एक माणूस शिल्लक ठेवलेला नाही.
वेळ संपली. डोस फेकून द्यावा लागला. सबंध मोहिमेत वाया गेलेला एकच, आणि तो माझा.
तेवढ्यात दारातून लाँड्रीतल्या मावशी चादरी न्यायला आल्या. सिस्टर बोलायचं ते बोलून चुकल्या होत्या, की पहिल्याच दिवशी घेतला असता तर आज ही वेळ आली नसती. मावशींनी माझ्याकडे बघितलं, मग बिल्ल्याकडे. गाठोडं पुढे करून म्हणाल्या, कोट टाका यात, उकळून धुते. बिल्ला तेवढा काढून घ्या भाऊ. तो तुमचा तुम्ही धुवा.

२६ मार्च.
ताप. अंगदुखी. सौ. दारात ताट ठेवून जाते. लेकीला तिनंच फोन करून सगळं सांगितलं. सगळं म्हणजे सगळं. संत्र्यांसकट. बंद दारातून ऐकू येत होतं. लेक काय म्हणाली ते विचारलं. सौ. म्हणाली, काही नाही, गप्प झाली.
ओरडली असती तर बरं झालं असतं.

२८ मार्च.
नातू झाला. दोघंही सुखरूप. देवाचे आभार मानले. देव्हारा बाहेरच्या खोलीत आहे, म्हणून भिंतीकडे तोंड करून मानले.
ग्रुपवर फोटो. बाळ व्याह्यांच्या हातात. व्याही रडतायत. पुन्हा माझ्या आधी.

६ एप्रिल.
बरा झालो. टेस्ट निगेटिव्ह. लेकीला फोन केला, म्हटलं, आता माझ्या अंगात कोरोनाशी लढलेली ताजी ताकद आहे, बूस्टरपेक्षा सरस, बुलेटिननं वाचलंय. ती शांतपणे म्हणाली, बाबा, हे तुम्ही पेशंटला सांगितलं असतं का?
मी म्हटलं, पेशंटची गोष्ट वेगळी.
ती म्हणाली, नियम सगळ्यांना एक. आणि थांबून म्हणाली, तुम्ही घाबरलात याचं मला काही नाही, बाबा. फोटो पाठवलात त्याचं आहे.
रेंज गेली. म्हणजे मी फोन ठेवला.

७ एप्रिल.
लेकीच्या घरी जाऊन आलो. बाळ खिडकीच्या काचेतून पाहिलं. लेकीनं आतून काचेजवळ धरलं होतं. नाक माझ्यावर गेलंय. बाळानं जांभई दिली. मी बाहेरून हात केला. बाजूनं जाणाऱ्या माणसाला वाटलं मी काच पुसतोय.

१८ एप्रिल.
आमची खोली बंद झाल्यामुळे मला आणि मोठ्या सिस्टरना लहान मुलांच्या लसीकरणात टाकलं. इथे हलक्या हाताची खरी किंमत कळते. आज किती आया म्हणाल्या, रडलंसुद्धा नाही हो.
एकदम डोक्यात प्रकाश पडला. दीड महिन्याचं झालं की नातवाला इथेच आणावं लागणार. आणि टोचणार कोण? कर्तव्यावर असलेल्या माणसाला घरचा नियम लागत नाही. इवलासा पाय हातात धरायचा, टोचायचं, आणि आईच्या हातात देताना चार-दोन क्षण जास्त धरायचं. हे मांडीवर घेण्याच्या बरोबरीचंच. देवाची योजना कशी सावकाश उलगडते. संकल्प: तोवर हात आणखी हलका करायचा. संत्री आणली आहेत.

९ मे.
उद्या येणार. लेकीनं वेळ विचारली, मी सकाळची सांगितली. तिनं फार काही विचारलं नाही. म्हणजे राग गेला. कोट स्वच्छ धुऊन आला आहे. बिल्ल्याची जागा तेवढी जरा जास्त पांढरी दिसते. आणि त्याला दोन भोकं आहेत.

१० मे.
लेक आली. बरोबर व्याही, बाळ त्यांच्याकडे. मी सिरिंज भरून तयार. बाळ डोळे उघडून माझ्याकडे बघत होतं, मला तर तसंच वाटलं. मी हात पुढे केले. लेक माझ्यासमोर थांबली, एकदा वाटलं देतेय. मग म्हणाली, बाबा, तुमच्या बूस्टरला अजून दोन महिने. आणि व्याह्यांना घेऊन पलीकडच्या टेबलाकडे गेली, मोठ्या सिस्टरकडे.
मी म्हटलं, अगं, त्यांचा हात. सिस्टरनी ऐकलं. म्हणाल्या, ब्रदर, तुमचं पोरगं आहे, जपून टोचते.
बाळाचा एक मोजा खाली पडला होता. तो उचलून देण्याच्या निमित्तानं मी पुढे झालो. मोजा गरम होता. व्याह्यांनी हात पुढे करून तो मागून घेतला.
सिस्टरनी पाय धरला. एक सुई. मग दुसरी. मला वाटलं होतं खोली डोक्यावर घेईल. बाळ सुईकडे बघत होतं. सरळ, आजोबांसारखं. त्या आजोबांसारखं. ओठ जरासा बाहेर काढला, तेवढंच.
बाळ रडलं नाही.
नंतर लेकच पाणी घेऊन आली. माझ्या शेजारी खाली टेकली आणि खांद्यावर हात ठेवला. म्हणाली, बाबा, जुलैमध्ये मी येईन तुमच्याबरोबर, हात धरते. मी तिला समजावून सांगितलं, की तसं काही नाही. फरशी गार होती म्हणून बसलो. सकाळपासून उभा होतो.